सर्फस्कीला पाण्याखाली पंख लावले तर

मार्च लागला की मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचं एक वेळापत्रक सुरू होतं. सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट असतो. उन्हं चढतात, जमीन समुद्राच्या आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. शाळेच्या भूगोलात ज्यांना खारे वारे म्हणायचे ते हेच. तीनच्या सुमाराला मढ-वर्सोव्यासमोर फेसाचे पांढरे ठिपके दिसू लागतात. वायव्येकडून उठलेल्या आखूड, दाटीवाटीच्या लाटा वांद्र्या-वरळीच्या दिशेने सरकत असतात. पोहणारे तेव्हा बाहेर येतात. आम्ही मोजके पॅडल मारणारे तेव्हाच आत जातो, कारण पाठीवर वारा घेऊन लाटांवरून घसरत जायचं तर वेळ हीच.

या खेळाला डाउनविंड म्हणतात आणि त्यासाठीची होडी म्हणजे सर्फस्की. आता जगभर लाकडाच्या, फायबरच्या फळ्यांखाली हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालचा पंख, लावून लोक पाण्याच्या हातभर वरून उडत जाताना दिसतात. ते पाहिलं की सर्फस्कीवाल्याच्या मनात एकच विचार येतो: आपल्या होडीखाली हा पंख बसवला तर? माझ्याही मनात आला. गेलं वर्षभर मी त्याचा हिशेब मांडते आहे. उत्तर मला सरळ हो किंवा नाही असं मिळालं नाही, पण ते का मिळत नाही हे मात्र नीट समजलं. तेच इथे सांगते.

आधी होडीबद्दल. सर्फस्की ही बसून वल्हवायची, वरून उघडी, अतिशय निमुळती होडी. शर्यतीची सर्फस्की साधारण ६.४ मीटर लांब आणि ४३ ते ४५ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे लांबी तीन माणसांपेक्षा जास्त आणि रुंदी बसणाऱ्याच्या कमरेला जेमतेम पुरेल एवढी. वजन दहा-बारा किलोपासून अठरापर्यंत. पायापाशी पेडल असतात, त्यांनी मागच्या टोकाखालचं सुकाणू वळतं. उलटली तर पाण्यातच तिच्यावर पुन्हा चढून बसता येतं, कारण तिचं पोट चहूबाजूंनी बंद असतं, आत पाणी भरत नाही. हिचा जन्म ऑस्ट्रेलियातला. १९१२ च्या सुमाराला पोर्ट मॅक्वारीजवळ मॅक्लॅरेन भाऊ आपल्या कुटुंबाच्या कालवांच्या शेतात फिरायला अशी फळी वापरत. मग ती किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांकडे गेली आणि पुढे खुल्या समुद्रातल्या शर्यतींत. कालवं काढणाऱ्यांची होडी म्हटल्यावर आपल्याकडच्या कोळीवाड्यांत तिचं नातं लगेच कळतं.

लाट तुम्हाला का घेऊन जाते

फॉइलकडे जाण्याआधी लाटेचा एक हिशेब समजून घ्यावा लागेल. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या आवर्तनावर ठरतो. दोन शिखरांमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि त्याला १.५६ ने गुणा. मिळेल तो लाटेचा वेग, मीटर प्रति सेकंदात. दर चार सेकंदांनी येणारी लाट ताशी साधारण २२ किलोमीटरने पळते आणि तिची दोन शिखरं २५ मीटर अंतरावर असतात. तीन सेकंदांची लाट ताशी १७ किलोमीटर, शिखरांतलं अंतर १४ मीटर. दुपारच्या वाऱ्याने नुकत्याच उठवलेल्या लाटा याच मापातल्या. पावसाळ्यात दूरवरून येणाऱ्या लाटांची आवर्तनं याच्या दुपटीहून मोठी असतात आणि त्या कितीतरी जोरात पळतात.

आता होडीचा वेग. पाणी कापत जाणारी कुठलीही होडी स्वतःभोवती लाट तयार करते आणि एका वेगाला त्या लाटेच्याच खळग्यात अडकते. लांबी जितकी जास्त तितका हा वेग जास्त. ६.४ मीटरच्या होडीला तो ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. सर्फस्की फार निमुळती असल्याने ही मर्यादा तिला तेवढी घट्ट पकडत नाही; चांगले पॅडल मारणारे सपाट पाण्यात तेरा-चौदा गाठतात. तरीही तेरा आणि बावीस यांत मोठी दरी आहे. ती दरी भरून काढतो लाटेचा उतार. होडीचं तोंड खाली झुकतं, वजन तिला पुढे ओढतं, आणि क्षणभर आपण लाटेच्या वेगाने जायला लागतो.

क्षणभर म्हणते, कारण लाटेची ऊर्जा लाटेच्या निम्म्या वेगाने पुढे जाते. तुम्ही जी लाट पकडलीत ती आपल्या कळपाच्या पुढच्या टोकाला पोचून विरून जाते, आणि मागून नवी उठते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभं राहून एका शिखरावर नजर ठेवा, थोड्या वेळात ते पाण्यात मावळलेलं दिसेल. म्हणून डाउनविंडमध्ये एकच लाट धरून घरापर्यंत जाता येत नाही. एक विरते, तेवढ्यात दुसरीत शिरायचं, मग तिसरीत. या खेळातलं सगळं कौशल्य लाट बदलण्यात आहे, आणि दमही तिथेच जातो.

पंख काय करतो

वल्ह्याचं पान किंचित तिरपं धरून पाण्यात आडवं ओढून पाहा. ते वर उचलू लागतं, इतकं की कलंडणारा माणूस त्याच्या आधाराने सावरतो. हायड्रोफॉइल म्हणजे हेच, फक्त पान पाण्याखाली कायमचं बसवलेलं. होडीच्या तळातून एक दांडा खाली उतरतो, त्याला मास्ट म्हणतात. त्याच्या टोकाला पुढे मोठा पंख आणि मागे छोटा, विमानासारखा. पंख पुढे जाताना पाणी खाली ढकलतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. समुद्राचं पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड, त्यामुळे विमानाला जे काम करायला प्रचंड पंख आणि प्रचंड वेग लागतो ते इथे मीटरभर लांबीचा पंख सायकलच्या वेगाला करतो.

कल्पना जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनींनी १९०६ साली मॅजोरे सरोवरावर अशी बोट ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास पळवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ ने १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटर गाठले. इंजिन असल्यावर वेग ही अडचण राहत नाही. आपला प्रश्न आहे तो नुसत्या माणसाच्या ताकदीचा.

पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, उचल चौपट. मी माझ्यापुरता हिशेब मांडला. पॅडल मारणारा ७५ किलोचा, सर्फस्की १४ किलोची, फॉइल ६ किलोचं. एकूण ९५ किलो. ताशी १६ किलोमीटरला हे सगळं पाण्याबाहेर काढायचं तर साधारण १५०० चौरस सेंटीमीटरचा पंख लागतो, म्हणजे सव्वा मीटर लांब आणि बारा सेंटीमीटर रुंद. ताशी २० ला उडायचं ठरवलं तर हजार चौरस सेंटीमीटर पुरतात.

आता खरी मेख. पाणी मागे किती ओढतं? हे आकडे मी किलोत सांगते, म्हणजे डोळ्यासमोर येतील. सर्फस्की ताशी १३ किलोमीटरने जात असेल तर पाणी तिला ढोबळमानाने साडेचार किलोच्या ओढीने मागे खेचतं. माणूस आणि होडी मिळून ८९ किलो वजन फक्त साडेचार किलोच्या ओढीवर चालतं! शंभर वर्षं घासूनपुसून माणसाने इतकी उत्तम होडी बनवली आहे. पाण्याखालचा चांगला पंख त्याच्या तुलनेत उचललेल्या वजनाच्या पंधराव्या भागाएवढी ओढ घेतो, म्हणजे सव्वासहा किलो. ताशी १३ ला पंख लावलेली होडी बिनपंखाच्या होडीपेक्षा जड जाणार.

पण होडीची ओढ वेगाबरोबर झपाट्याने वाढते: ताशी २० ला ती अकरा किलोच्या घरात जाते. पूर्ण उडणाऱ्या पंखाची ओढ मात्र जवळपास तेवढीच राहते, कारण त्याला उचलायचं वजन तेवढंच आहे आणि वेग वाढला की ते उचलायला कमी कष्ट पडतात. दोन्ही रेषा ताशी पंधरा-सोळाच्या आसपास एकमेकींना छेदतात. त्याच्या खाली साधी होडी सरस, वर पंख सरस. सर्फस्कीला फॉइल लावावं का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका छेदबिंदूत आहे: तुम्ही तासातला किती वेळ सोळाच्या वर असता?

सपाट पाण्यात हा वेळ शून्याजवळ असेल. सव्वासहा किलोची ओढ ताशी १६ ने सतत ओढायची, त्यात वल्हं फुकट घालवतं ती ताकद धरायची, म्हणजे साडेतीनशे वॅटच्या वर जावं लागतं. सराव असलेला सामान्य माणूस तासभर दीडशे-दोनशे वॅट देऊ शकतो. तरी निव्वळ माणसाच्या बळावर उडणं अशक्य नाही. एमआयटीमध्ये मार्क ड्रेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली डेकाव्हिटेटर ही पायाने चालवायची फॉइल बोट १९९१ मध्ये शंभर मीटरच्या टप्प्यावर १८.५ नॉट, म्हणजे ताशी ३४ किलोमीटरपर्यंत गेली. नॉर्वेचे कयाकपटू आइनार रासमुसेन आणि पीटर रीबे यांनी फ्लायक नावाची कयाक बनवली, तिच्याखाली पुढेमागे दोन फॉइल होते आणि ती वल्ह्यावर उडायची. पण ही थोड्या अंतराची धाव होती. दुपारभर तसं चालवता येत नाही.

समुद्रपक्ष्यांकडून घ्यायची गोष्ट

मग फळीवाले दुपारभर कसे उडतात? ते उडत नाहीत, ते तरंगतात, घार तरंगते तसे. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या बाजूने कुरव पक्षी पंख न हलवता कठड्याला समांतर चालतात. बोटीच्या बाजूने हवा वर ढकलली जाते आणि पक्षी त्या वर जाणाऱ्या हवेत सतत खाली घसरत असतो. घसरणं आणि हवेचं चढणं सारखं झालं की तो जागच्या जागी.

लाटेतही असाच प्रवाह असतो, फक्त तो दिसत नाही. लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते जागेवर गोल फिरतं. शिखरावर पुढे, खळग्यात मागे, लाटेच्या मागच्या अंगाला खाली, आणि पुढच्या अंगाला वर. एक मीटर उंचीच्या, चार सेकंदांच्या लाटेच्या पुढच्या अंगाला पाणी सेकंदाला पाऊण मीटरहून थोडं जास्त वर चढतं. पंधरास एक या प्रमाणात, म्हणजे पंधरा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली, घसरणारा पंख लाटेच्या वेगाने जात असताना सेकंदाला सुमारे ४२ सेंटीमीटर खाली येतो. पाणी त्याहून जोरात वर येतंय. तुम्ही वल्हं मांडीवर ठेवलं तरी चालता. आणि हा प्रवाह वरवरचा नाही. ६० सेंटीमीटर खोलीवरही त्याचा सहा-सप्तमांश भाग शिल्लक असतो. म्हणून खाली बसवलेला पंख वरच्या खळबळीतून सुटतो आणि लाटेची ताकद मात्र त्याला मिळत राहते.

उताराच्या भाषेत सांगायचं तर ताशी बावीसने घसरायला साध्या सर्फस्कीला सातास एक एवढा उतार हवा. पंखाला पंधरास एक पुरतो. ६० सेंटीमीटरची चार सेकंदी लाट साधारण तेरास एक उतार देते. तिच्यावर सर्फस्की दमदार वल्ही मारून जेमतेम टिकते, पंखवाला आरामात जातो. मला फॉइलमध्ये सगळ्यात मोहक वाटतं ते हेच. आज आपण ज्या लाटांकडे बघतही नाही त्या अचानक वापरात येतात. मुंबईच्या दुपारच्या समुद्रात मोठ्या उताराच्या लाटा थोड्या आणि अशा मध्यम लाटा ढीगभर.

हवाईच्या काइ लेनीने २०१६ मध्ये फॉइलच्या फळीवर उभं राहून वल्हं मारत खुल्या समुद्रात डाउनविंड केल्याचे व्हिडिओ पसरले आणि हा खेळ बहरला. त्यानंतर या फळ्यांचा आकार कसा बदलत गेला तेही सांगण्यासारखं आहे. सुरुवातीला त्या आखूड, रुंद होत्या. पण उडण्याआधी पंखापुरता वेग गाठावा लागतो आणि आखूड फळी तो गाठू देत नाही. म्हणून फळ्या लांब होत गेल्या, निमुळत्या होत गेल्या, तळ गोलसर झाला. थोडक्यात, त्या सर्फस्कीच्या दिशेने सरकल्या. आपल्याकडे ते आधीपासूनच आहे: निमुळता तळ, दोन पानांचं वल्हं, बसून पूर्ण धड वळवून मारलेला फटका. लाटेची थोडी साथ मिळाली की सोळा गाठणं सर्फस्कीला जड नाही. पाण्यातून उठणं ही तिची अडचण नाही. उठल्यावर तिथे टिकणं ही आहे.

बसलेल्या माणसाची अडचण

लोकलमध्ये दाराजवळ काहीही न धरता उभा राहणारा माणूस पाहा. गाडी वळते, थांबते, झटका देते, आणि तो गुडघे आणि घोटे हलवत सहज तोल सांभाळतो. त्याच जागी त्याला पाठ नसलेल्या स्टुलावर पाय लांब करून बसवा. पहिल्याच वळणाला त्याला हाताचा आधार शोधावा लागेल. फॉइलच्या फळीवर उभा असलेला माणूस पहिला आहे, सर्फस्कीत बसलेला दुसरा.

उडताना होडी वर-खाली झुकते ती क्षणोक्षणी दुरुस्त करावी लागते. उभा माणूस पुढच्या पायावर दाब वाढवतो, मागच्यावर कमी करतो, झालं. बसलेला माणूस फार तर कमरेतून थोडा पुढेमागे होऊ शकतो, आणि तेव्हा त्याचे हात वल्हं मारण्यात अडकलेले असतात. म्हणून पंखाची जागा इथे फार काटेकोर लागते. माणूस आणि होडी मिळून वजन जिथे तोललं जातं, साधारण बसायच्या जागेच्या किंचित पुढे, त्याच्या बरोबर खाली उचल यायला हवी. पंख पुढे गेला तर टोक आकाशाकडे उठतं, मागे गेला तर पाण्यात घुसतं. आणि सर्फस्कीत नेमकं त्याच जागी बसायचा खळगा आणि पाय ठेवायची पोकळी असते. तळ कार्बन किंवा काचतंतूच्या पातळ थरांचा. एका बिंदूवर शंभर किलो आणि वरून मास्टची आडवी पिळवटणी सोसायला तिथे तळापासून वरच्या डेकपर्यंत जाणारी मजबूत पेटी बसवावी लागते. नुसता तळाला स्क्रू मारून हे होत नाही. पहिल्याच लाटेला तुकडा निघून येईल.

उंची आपोआप सांभाळायचा एक उपाय शिडाच्या मॉथ नावाच्या छोट्या बोटींनी वीसेक वर्षांपूर्वीच रूढ केला. आपल्या गच्चीवरच्या टाकीत तरंगता चेंडू असतो: पाणी वर आलं की चेंडू वर, आणि नळ बंद. मॉथच्या पुढे तशीच एक लवचीक काठी पाण्याला टेकत लोंबते. बोट जास्त वर गेली की काठी खाली लोंबते, आतल्या दांडीने पंखाची मागची झडप वर उचलते आणि उचल कमी होते. बोट खाली आली की उलट. बसलेल्या माणसाची अर्धी चिंता ही काठी घेईल. माझ्या मते पूर्ण उडणाऱ्या सर्फस्कीला हिच्याशिवाय गत्यंतर नाही. भरल्या लाटांत ती काठी थोडी गोंधळते, हेही मान्य करावं लागेल.

पुढची अडचण वल्ह्याची. सर्फस्कीचं वल्हं दोन-सव्वादोन मीटरचं असतं, ते पाण्याला टेकून बसलेल्या माणसासाठी मोजलेलं. होडी ४० सेंटीमीटर वर गेली की पान पाण्याला जेमतेम शिवतं. फटका जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे आधार जातो. लाटांत आपण दर मिनिटाला नकळत वल्ह्यावर टेकून सावरत असतो. उडताना ते नाही. पाय टेकायला जमीन नसलेली एकचाकी सायकल म्हणा.

मग पाण्याच्या अगदी जवळून, वीतभर उंचीवरून उडावं? तिथे होडीची लांबी आडवी येते. लाटेचा पृष्ठभाग वाकलेला असतो, होडी सरळ. शिखरांत १४ मीटर अंतर असलेल्या, ७० सेंटीमीटर उंच लाटांच्या खळग्यावर ६.४ मीटरची होडी आडवी ठेवली तर तिची दोन्ही टोकं पाण्याला लागतात तेव्हा मधला भाग पाण्याच्या सुमारे ३० सेंटीमीटर वर असतो. म्हणजे त्याहून कमी उंचीवर उडालात तर नाक आणि शेपूट पाण्याला घासणार, आणि ताशी वीसच्या वेगाला नाक पाण्यात शिरणं म्हणजे तोंडावर आपटणं. होडी ४.२ मीटरची केली तर तोच आकडा १४ सेंटीमीटरवर येतो. मग आखूडच करू? आखूड होडीचा पाण्यातला वेग ताशी ११ वरून ९ वर घसरतो, आणि उडण्याआधीच दम जातो. हा आकडा हाती आला त्या रात्री मी कागद बाजूला ठेवला. जुन्या लांब सर्फस्कीला पंख लावून पूर्ण उडवायचं, हा विचार मी तिथे सोडला.

अर्धी उचल

पण पूर्ण उडायलाच हवं असं कुणी सांगितलं? समजा ६०० चौरस सेंटीमीटरचा छोटा पंख आहे, आखूड मास्टवर. ताशी ११ ला तो चौदा किलो उचलतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ताशी २२ ला तो ५६ किलो उचलतो. होडी पाण्यातच राहते, पण जोरात धावताना तिचं निम्म्याहून जास्त वजन पंखावर जातं, तळ वर येतो, पाण्याला घासणारा भाग कमी होतो. वल्हं पाण्यात, सुकाणू पाण्यात, सावरायला आधार शाबूत. शिवाय पाण्याखाली आडवा पसरलेला पंख होडीचं डोलणंही मंदावतो, कारण डोलताना त्याला पाणी वर-खाली लोटावं लागतं. मालवणकडच्या होड्यांना बाजूला उलांडी, म्हणजे तरंगता ओंडका, बांधतात ती वेगळ्या तत्त्वावर चालते, पण बसणाऱ्याला मिळणारा दिलासा त्याच जातीचा.

तोटा सरळ आहे. दोन लाटांच्या मधल्या संथ वेळात हा पंख नुसता ओझं होऊन सोबत येतो. कमी लाटांच्या दिवशी तो घरी ठेवणं बरं, म्हणजे तो काढता-घालता यायला हवा.

माझं मत विचाराल तर आजच्या सर्फस्कीवाल्याने अर्ध्या उचलीपासून सुरुवात करावी, आणि पूर्ण उडायचं असेल तर सर्फस्की न सुधारता चार-साडेचार मीटरची नवीच होडी आखावी: बसायची जागा उंच, वल्हं लांब, नाक वर वळलेलं, पुढे उंची सांभाळणारी काठी. तिला सर्फस्की म्हणायचं की आणखी काही, ते नंतर ठरवता येईल.

आणि मग आपला समुद्र

हे सगळं कागदावर. वर्सोव्याच्या एका कोळी काकांना मी पंखाचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, "जाल्यान अरकला त काय करशील गो पोरी?"

प्रश्न बिनतोड आहे. आपल्या किनाऱ्यासमोर डोल जाळी लावलेली असतात, प्रवाहात तोंड करून एका जागी बांधलेली. सर्फस्की त्यांच्या दोरांवरून सरकून जाते, तिच्याखाली वीतभर सुकाणू सोडलं तर अडकायला काही नाही. पाऊण मीटर खोल मास्ट आणि आडवा पंख म्हणजे मात्र गळच. आपण पुढे फेकले जाऊ ते जाऊच, कुणाचं तरी जाळंही फाटेल, आणि ते जाळं त्या घराचं पोट आहे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात होड्या वाढतात तेव्हा तर हा विचार आधी करायला हवा. कुठे जाळी आहेत ते काकांसारख्या माणसाला विचारून, त्याच्या बाहेरूनच मार्ग आखायचा, याला दुसरा पर्याय नाही.

दुसरं प्लास्टिक. एक पिशवी पंखाच्या कडेला गुंडाळली की पाण्याचा गुळगुळीत प्रवाह तुटतो, उचल एका बाजूने जाते आणि होडी कलंडते. पाऊस सुरू होताना नाले सगळा कचरा समुद्रात आणून टाकतात, आणि तेव्हा तसाही समुद्र आपल्यासारख्यांचा नसतो. जानेवारी ते मे हेच महिने. त्यातही मोठ्या उधाणानंतर एक-दोन दिवस थांबलेलं चांगलं, कारण किनाऱ्यावर साचलेलं सगळं उधाण उचलून आत नेतं.

तिसरं खोली. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. भरतीला निर्धास्त असलेला पट्टा ओहोटीला काळ्या खडकांनी भरतो. वांद्र्याच्या बँडस्टँडपाशी कुणीही उभं राहून पाहावं. उतरायचं कमरेएवढ्या पाण्यात, होडी उलटी करून, पंख वर घेऊन बाहेर यायचं. फुटणाऱ्या लाटेत होडी आणि किनारा यांच्या मध्ये आपण उभं राहायचं नाही, हा सर्फस्कीचा जुना नियम इथे दुप्पट लागू, कारण पंखाची कड धारदार असते. हेल्मेट, जीवरक्षक जाकीट, आपल्याला होडीशी बांधून ठेवणारी दोरी (लीश) आणि पाण्यात चालणारा फोन किंवा रेडिओ याशिवाय मी कुणालाही सोबत नेणार नाही.

आता पुढची पायरी. माझे सगळे आकडे हिशेबाचे आहेत, आणि हिशेब पाण्यात उतरवून पाहायचा सोपा मार्ग काकांनीच सुचवला. भांगाच्या दिवशी, अष्टमीच्या आसपास, पाणी फार ओढत नाही तेव्हा, सकाळी वारा उठण्याआधी त्यांच्या होडीमागे माझी सर्फस्की दोराने बांधायची. दोराच्या मध्ये मासळी तोलायचा ताणकाटा अडकवायचा. मी नुसती बसायचं, वल्हं वर. ताशी दहा, तेरा, सोळा, मग होडी जाईल तितकं, आणि प्रत्येक वेगाला काट्यावरचे किलो वहीत लिहायचे. आधी पंखाशिवाय, मग पंख लावून. तेराला पंखाशिवाय काटा साडेचारच्या जवळ दिसला तर माझा पाया बरोबर. पंख लावल्यावर दोन्ही आकडे कुठल्या वेगाला एक होतात, ते पाहायला मी अष्टमीची वाट बघते आहे. काटा काका आणणार आहेत, दोर माझा.